वाळ्याची वडी आणि काकींचं नाक

आमच्या घरमालकीणबाई माणसाला आधी हुंगायच्या, मग बोलायच्या. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. नव्वदीच्या दशकात आम्ही नवराबायको खोल्या बघायला त्यांच्या वाडीत गेलो, तेव्हा त्या ओट्यावर बसून बांधायच्या दोऱ्यांसाठी केळीच्या खोडाचं सोपट सोलत होत्या. उठल्या, माझ्या खांद्यापासून चार बोटांवर नाक आणलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या. मी घाटावरची, नुकतीच साताऱ्याकडून आलेली. आमच्याकडे असं फक्त म्हैस करते.

"पावडर," त्या म्हणाल्या. "पावडरीवर स्प्रे. आणि स्प्रेच्या खाली भीती."

"भीतीला वास असतो?"

"आंबट. आंबटाला माझी ना नाही. स्प्रेला आहे. वाडीत मधाच्या पेट्या आहेत माझ्या, माश्या बिथरतात. स्प्रे सोडणार असशील तर माडीवरच्या दोन खोल्या तुझ्या."

नवऱ्याला त्यांनी हुंगलं नाही. "पुरुषांचा लांबूनच येतो," म्हणाल्या.

वाडी वसईत, कळंब गावाच्या अलीकडे, समुद्राच्या वाऱ्यात. राजेळी केळी, सोनचाफा, मोगरा, पानवेली, आणि मध्ये काकींचं कौलारू घर. सगळे त्यांना काकीच म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्यांच्या लोकांशी त्या घरची बोली बोलायच्या, ती मला निम्मीच कळायची. माझ्याशी मात्र शाळेतलं मराठी, कारण मी माणिकपूरच्या शाळेत चौथीला शिकवत होते. मला त्या हाक मारायच्या 'मास्तरीण'.

आता स्प्रेचं सांगते. माझी नणंद आखातात होती. तिनं पाठवलेला एक जांभळा डबा माझ्याकडे होता आणि तो संपला तर आपण संपलो अशी माझी तेव्हा ठाम समजूत होती. साताऱ्याच्या कोरड्या हवेत मला कधी घामाची अडचण नव्हती. इथे सकाळी नऊला ब्लाउजवर दोन अर्धचंद्र उगवायचे. मी फळ्यावर लिहिताना कोपर बरगडीला चिकटवून लिहायची. त्यामुळे माझं अक्षर फळ्याच्या खालच्या भागातच असायचं, आणि मुख्याध्यापिकांना वाटायचं की मुलांची उंची लक्षात घेऊन लिहिणारी ही पहिलीच शिक्षिका! मीही त्यांना कधी खरं सांगितलं नाही.

स्प्रे सोडल्याला चार दिवस झाले आणि मी काकींपुढे जाऊन रडले. बत्तीस वर्षांची बाई, काखेच्या वासासाठी रडते. आज माझी मलाच लाज वाटते, पण खरंच रडले.

काकींनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "डोळ्याचं पाणी पुरे. काखेचं बघू."

त्यांच्या नाकाबद्दल तोवर मी पुष्कळ ऐकलं होतं. दूधवाल्यानं म्हशीची पेंड बदलली की त्याच दिवशी काकी त्याला विचारायच्या. पोस्टमननं दिलेलं पत्र फोडण्याआधी त्या हुंगायच्या आणि लिहिणारा विडी ओढत होता की नाही ते सांगायच्या. चाफ्याची कुठली कळी उद्या उमलणार हे झाडाखाली डोळे मिटून उभं राहून सांगायच्या. कळंबची एक मासेवाली यायची, ती टोपली खाली ठेवायच्या आतच काकी म्हणायच्या, "वरचे आजचे, खालचे कालचे."

मासेवाली कमरेवर हात ठेवायची. "हे नाक हाय का मांजर हाय? आत्ता पान्यातून काढलंय सगलं!"

"वरचंच दे."

ती देवाची शप्पथ घ्यायची आणि वरचंच द्यायची.

"डोळा फसतो, कान फितूर होतो," काकी म्हणायच्या. "नाकाला लाच देता येत नाही." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की मी एकदा ते सुविचार म्हणून फळ्यावर लिहिलं. अर्थात खालच्या भागात.

तर काखेचं. काकींनी पेटीतल्या जुन्या पोळ्यांचं मेण काढलं, ते खोबरेल तेलात वितळवलं, त्यात तवकील म्हणजे आरारूटचं पीठ, खाण्याचा सोडा, तुरटीची वस्त्रगाळ पूड आणि दगडावर कुटलेला वाळा घातला. थंड झाल्यावर बोटाएवढ्या वड्या कापल्या. मेण जुनं आणि वाळा मातकट, त्यामुळे वडीचा रंग तपकिरी. प्रत्येक वडी वाळक्या केळीच्या पानात गुंडाळली, दहाबारा वड्यांचा मुटका करून सोपटानं बांधला. सुकेळी बांधतात अगदी तसा. ज्यांनी वसईची सुकेळी खाल्ली नाहीत त्यांच्यासाठी सांगते: राजेळी केळं सोलून उन्हात दिवसेंदिवस वाळवतात, ते मधाच्या रंगाचं आणि तसंच गोड होतं, मग असंच पानात बांधतात. काकींच्या घरात बांधायची हीच एक पद्धत होती. हिंग असो, देवाचा कापूर असो, वाळकं पान आणि सोपट. आतलं काय ते नाकानं ओळखायचं. चिठ्ठी लावणं हा त्यांना अपमान वाटायचा.

"हे काखेत लावायचं?" मी विचारलं.

"मग काय, वरणात घालायचं?"

परवा माझ्या नणंदेची नात असलीच वडी कागदी नळीतून घेऊन आली. नैसर्गिक म्हणे. मला शिकवत होती, "आजी, आधी थोडी अंगाच्या उबेला धरायची, मग फिरवायची." मी म्हटलं, बाळे, हे मला सांगू नकोस. पहिल्या दिवशी मी वडी थंडच फिरवली आणि पाटीवर पेन्सिल ओढावी तशी ती कातडीवर करकरली. तिसऱ्या दिवशी काख लाल झाली, मिरची लावल्यासारखी. मी वर्गात दोन्ही हात कमरेवर ठेवून फिरत होते, मुलांना वाटलं बाई आज फार रागावल्यात. त्या दिवशी वर्ग इतका शांत होता की शेजारच्या बाई डोकावून गेल्या.

काकींनी सोडा कमी केला, तवकील वाढवली. दुसरा घाणा मऊ झाला, ब्लाउजला तेल लागलं. तिसऱ्यात मेण जास्त पडलं, वडी गुळगुळीत पण अंगाला लागेना. त्यांना या सगळ्याची अशी गोडी लागली की बागेपेक्षा माझ्या काखेचीच मशागत जास्त. रोज संध्याकाळी मी शाळेतून आले की ओट्यावरून हुकूम यायचा, "मास्तरीण, हात वर कर."

मी पिशवी खाली ठेवून हात वर करायची. त्या चार बोटांवरून हुंगायच्या. "सकाळी किती वाजता लावलीस? चालत आलीस की रिक्षानं? दुपारी कांदा खाल्लास." मग निकाल. "मध्यम." "बरी." एकदा नुसतंच "अरेरे." एका संध्याकाळी नवरा लवकर परतला आणि फाटकातच थबकला. त्याची बायको दोन्ही हात वर करून उभी आणि म्हातारी तिची झडती घेत्येय. "काय चोरलं हिनं?" त्यानं घाबरून विचारलं.

"घाम थांबवायचा नाही गो," काकी मला सांगायच्या. "घाम अंगाला हवाच. त्याचा फक्त बोभाटा थांबवायचा."

सातवा घाणा जमला. त्या संध्याकाळी काकींनी हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि म्हणाल्या, "उत्तम." मी माडीवर जाऊन जांभळा डबा नवऱ्याला दिला. त्यानं तो झुरळांवर मारून बघितला. झुरळं सुवासिक झाली.

काकींना एकुलता एक मुलगा. तो आचोळ्याला फ्लॅट घेऊन राहायचा, आईनंही तिथेच यावं आणि वाडी विकून टाकावी असं त्याचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. पण तेव्हा आमच्या आजूबाजूला एकेक वाडी इमारत होत होती, विकत घेणारे दर आठवड्याला त्याच्याकडे येऊन बसायचे. श्रावणात सत्यनारायण होता, सगळी भावकी जमली होती, तिथे त्यानं पुन्हा विषय काढला. काकींनी प्रसादाचा द्रोण खाली ठेवला. "ही वाडी मी या नाकावर चालवते," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "नाक चालतंय तोवर वाडी माझी. ज्या दिवशी मला चाफा कळेनासा होईल, त्या दिवशी मीच सांगेन, ये आणि वीक. शब्द आहे माझा." आणि काकींनी शब्द मोडल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

भाद्रपदात त्यांना मोठा ताप आला. सर्दी छातीत उतरली, पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. उठल्या तेव्हा वाळल्या होत्या, पण ओट्यावर येऊन बसल्या आणि पहिला हुकूम दिला, "मास्तरीण, हात वर कर." हुंगून म्हणाल्या, "उत्तम."

दुसऱ्या दिवशीही उत्तम. तिसऱ्याही.

मग एके दिवशी घाईत मी वडी लावायलाच विसरले. त्यात शाळेचे खेळ होते, मी लंगडीचा संघ घेऊन उन्हात नाचत होते. माझी मलाच कीव यावी अशा अवस्थेत घरी आले. काकींनी हुंगलं. "उत्तम."

आता शहाण्या बाईला यातून काय कळायला हवं होतं? मला काय कळलं ते ऐका. मला वाटलं, इतके महिने वाळा लावून लावून माझ्या अंगाचाच वास बदलला! ऋषींच्या आश्रमात म्हणे असं व्हायचं. मी मुद्दाम आणखी दोन दिवस वडी लावली नाही. उत्तम, उत्तम. झालं! मी वडी सोडूनच दिली. फळ्याच्या वरच्या टोकापर्यंत हात नेऊन लिहू लागले. पुढच्या बाकावरची एक मुलगी नाकाला रुमाल लावायची, तिला मी विचारलं, "सर्दी झाली का गं?" ती बिचारी म्हणाली, "नाही बाई, होईल." नवरा एकदा जेवताना म्हणाला, "आज सुकट भाजली होती का?" मी म्हटलं, "तुमचं नाक बिघडलंय. काकींना विचारा."

दिवाळीनंतर उन्हं लागली तशी सुकेळी तयार झाली. एका रविवारी काकींचा मुलगा, सून आणि सुनेचे वडील आले. व्याही मोठे भारदस्त गृहस्थ, पांढरं धोतर, घसा साफ करून मग बोलणारे. मी दळणाचा डबा घेऊन निघाले होते, काकींनी मलाही ओट्यावर बसवलं. त्या आत गेल्या आणि फळीवरून एक मुटका घेऊन आल्या. दारात थांबून त्यांनी तो नाकाशी नेला, लांब श्वास ओढला. मी समोरच होते. एरवी सुकेळ्यांच्या वासानं त्यांच्या भुवया वर जायच्या. त्या दिवशी चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांनी मुटका सोडून ताटलीत ठेवला, ताटली व्याह्यांपुढे केली, आणि वाऱ्याबरोबर माझ्या नाकात शिरला तो वाळा.

मी तोंड उघडेपर्यंत व्याह्यांनी बोलता बोलता पान अर्धं सोलून लचका तोडला होता.

ते चघळत राहिले. घसा साफ केला. पुन्हा चघळले. "विहीणबाई," शेवटी म्हणाले, "यंदा सुकेळी जरा... साबणासारखी लागतात."

मुलानं ताटलीतली एक उचलली, हुंगली आणि आईकडे बघितलं. काकी ओट्याच्या खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांची बोटं पांढरी पडली होती. त्या क्षणी मला सगळं कळलं. श्रावणातला शब्द कळला आणि माझ्या आश्रमातल्या सुगंधाचं रहस्यही कळलं.

"मी केलं!" मी ओरडलेच. "मीच बदलले मुटके. काकींनी बरोबर ठेवला होता, मी आत जाऊन... गंमत म्हणून."

"गंमत?" सून म्हणाली. "हे आहे काय पण?"

"माझी काखेची वडी," मी म्हटलं.

व्याही मोरीकडे पळाले. ते धोतर सावरत पळताना अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. मुलगा मला म्हणाला, "तुम्ही शाळेत शिकवता ना?" मी मान खाली घालून उभी राहिले.

पाहुणे गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. "कधी कळलं तुला?"

"आत्ताच."

"खोटं. रोज हात वर करायचीस की माझ्यापुढे. न लावता आलीस तेव्हा मी उत्तम म्हटलं असेन ना?"

"म्हटलंत."

"मग?"

"मला वाटलं... माझा घामच सुगंधी झाला."

काकींनी माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि थोड्या वेळानं मला कळेना की पदरामागे अजून हसूच आहे का.

"तापात गेलं," शेवटी म्हणाल्या. "पहिले दिवस वाटलं, येईल. चाफ्याखाली जाऊन उभी राहते रोज. नुसतं गार वाटतं. माझा शब्द आहे मास्तरीण. मी आता बोलायला हवं. पण तोंड उघडत नाही."

"मग माझं नाक घ्या," मी म्हटलं. हे मी मोठेपणानं म्हटलं असं कोणी समजू नये. निम्मं काकींसाठी होतं. निम्मं, दोन खोल्या जातील म्हणून. हे मला आज लिहिता येतं, तेव्हा स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी आमची शिकवणी सुरू झाली. मी विद्यार्थिनी, आणि ढ. काकी बोटानं केळ दाबून बघायच्या, मी हुंगायची. "काय येतंय?" "केळ्याचा वास." "केळ्याचा तर येणारच! पाणचट येतोय की पिठूळ?" हळूहळू मला पाणचट आणि पिठूळ कळू लागलं. मोगऱ्याचा पहाटेचा आणि उन्हाचा वेगळा असतो हे कळलं. मधाच्या पेटीजवळ गेलं की आत माश्या खूश आहेत की नाही तेही थोडं थोडं कळू लागलं. बत्तीस वर्षं हे नाक मी फक्त सर्दीसाठी वापरलं होतं. आणि हो, वडी पुन्हा लावायला लागले. पुढच्या बाकावरच्या मुलीची होऊ घातलेली सर्दी टळली.

दोन रविवारांनी मुलगा एकटा आला. मी अंगणात होते. त्यानं ओट्याजवळ उभं राहून सरळच विचारलं, "आई, मला खरं सांग. तुझं नाक गेलंय का?"

काकी म्हणाल्या, "कोण म्हणतं?"

तो आत गेला. फळीवरून दोन मुटके घेऊन आला, एक सुकेळ्यांचा, एक वड्यांचा. आईसमोर उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागे धरले. "तू लांबून ओळखायचीस. ओळख. सुकेळी कुठल्या हातात?"

आता त्याची पाठ माझ्याकडे आणि दोन्ही मुटके माझ्या नाकासमोर! मी दोरीवरचे कपडे काढायला आले असं दाखवत चार पावलं पुढे सरकले. काकींनी डोळे मिटले नव्हते. त्या त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत मला प्रथमच आंबट वास आला असं म्हटलं तर हसू नका. मी श्वास ओढला. डावीकडे वाळा. उजवीकडे मध, ऊन, केळ. आमचं काही ठरलेलं नव्हतं. पण रोज संध्याकाळी त्यांच्यापुढे जे करत होते तेच केलं. उजवा हात वर केला.

काकींनी डोळे मिटले. नाकपुड्या फुगवल्या. तेव्हा मला वाटलं, ही बाई नाटकात असती तर बालगंधर्व झाली असती. "उजव्या," त्या म्हणाल्या. "आणि डाव्या हातातल्या वडीत तवकील कमी पडलीय."

मुलगा मागे वळला, मुटके ओट्यावर ठेवले, पायांत चपला घातल्या. "येतो," म्हणाला, आणि गेला. वाडीचा विषय त्यानं त्यानंतर कधी काढला नाही.

तो फाटकाबाहेर गेल्यावर काकी म्हणाल्या, "मास्तरीण, हात वर कर." मी केला. त्यांनी हुंगलं. "उत्तम."

"काकी, तुम्हाला येत नाही वास."

"न येऊ दे. कोणी विचारलं तर मी हेच सांगणार."

पुढे सात वर्षं वाडी तशीच राहिली, काकींच्या बोटांवर आणि माझ्या नाकावर. त्या गेल्या तेव्हा आम्ही नुकतेच माणिकपूरला स्वतःच्या घरात राहायला गेलो होतो. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. पिशवीतून वाळक्या पानाचा एक लहान मुटका काढून त्यानं माझ्या हातात दिला. "कपाटात होता. तुमचाच असणार."

मी चहा टाकायला उठत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "बाई, एक सांगू? त्या दिवशी मी मागे वळलो ना, तेव्हा तुम्ही अजून हात वर करूनच उभ्या होतात. आणि दोरीवर एकही कपडा नव्हता."

मी खालीच बसले. इतकी वर्षं मी त्या हुशारीवर मनातल्या मनात मिशा पिळत होते!

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तिनं डोळे मिटले होते," तो म्हणाला. "किती दिवसांनी ती तशी दिसली होती. वाडी काय, नंतरही विकता आली असती." मग म्हणाला, "आता विकवत नाही."

मी सोपट सोडलं, एक वडी काढली आणि पान उलगडलं. वर पांढरट बुरशी धरली होती, तेल पार खवट झालं होतं. वाळ्याचा मागमूससुद्धा राहिला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

मी डोळे मिटून लांब श्वास घेतला.

"उत्तम," म्हटलं.